कुस्कोची पायरी

परदेशगमन हें एके काळीं आमच्या समाजांत प्रायश्चित्ताचें कारण होतें. आतां तें मिरविण्याचें साधन झालें आहे. या पालटाबद्दल हळहळणाऱ्यांपैकीं मी नव्हे. समुद्र ओलांडल्यानें धर्म बुडत नाहीं हें आमच्या पूर्वजांनीं वाद घालून आणि बहिष्कार सोसून सिद्ध केलें, तें योग्यच झालें. परंतु समुद्र ओलांडल्यानें शहाणपण आपोआप येतें असेंहि नाहीं. आणि हें दुसरें सत्य सांगण्याची वेळ आतां आली आहे.

निमित्त लहानसें आहे. माझ्या एका जुन्या सहाध्यायानें पेरू देशाच्या प्रवासाचा कागद नुकताच माझ्यापुढें ठेवला. पहिल्या दिवशीं विमानानें कुस्को. दुसऱ्या दिवशीं सप्तरंगी म्हणून गाजलेला विनिकुन्का पर्वत. तिसऱ्या दिवशीं माचू पिच्चू. चवथ्या व पांचव्या दिवशीं तितिकाका सरोवर. सहाव्या दिवशीं कुस्कोंत परत येऊन खरेदी. सातव्या दिवशीं प्रयाण. "कसा काय बेत?" असें त्यानें विचारलें. "हा बेत प्रवासाचा नव्हे, पळापळीचा आहे," असें मीं म्हटलें, आणि त्याला राग आला. रागावलेल्या मित्राला तोंडी उत्तर देणें कठीण असतें, म्हणून हा लेख.

प्रथम देहाची गोष्ट घेऊं, कारण देह मागें टाकून प्रवास करतां येत नाहीं. कुस्को शहर सुमारें ११,००० फूट उंचीवर वसलें आहे. आमच्या कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तर जी उंची होईल, त्याहूनहि थोडी अधिक. तेथें हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश इतकाच असतो, आणि त्याच प्रमाणांत प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायु कमी होतो. विनिकुन्काची वाट तर १६,००० फुटांहूनहि वर जाते. दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर निजण्याची जागा एका रात्रींत सोळाशें फुटांहून अधिक उंच नेऊं नये, असें वैद्यकशास्त्र सांगतें. तें न ऐकणाऱ्यास बहुधा डोकेंदुखी व मळमळ एवढाच दंड होतो. परंतु क्वचित् फुप्फुसांत किंवा मेंदूंत पाणी सांचून प्राणावर बेततें. व्यायामानें कमावलेलें शरीरहि या नियमांतून सुटत नाहीं.

हें मी पुस्तकांतून शिकलों असें म्हणतां आलें असतें तर बरें झालें असतें. कांहीं वर्षांपूर्वीं मी सपत्नीक असाच बेत घेऊन गेलों होतों. तो दुसऱ्यानें आंखून दिलेला होता. पण होकार माझा होता, तेव्हां दोषहि माझाच. पहिली रात्र आम्हां दोघांची कण्हण्यांत गेली. तरी पैसे भरलेले, म्हणून दुसऱ्या दिवशीं पहांटे पर्वताकडे निघालों. अर्ध्या चढावर पत्नीचे ओठ निळसर पडले आणि शब्द अडखळूं लागले. मी तिला "थोडेंच राहिलें आहे" असें सांगत होतों. तिला वाहून नेणाऱ्या घोडेवाल्याची भाषा आम्हांस येत नव्हती व आमची त्यास येत नव्हती. त्यानें तिच्या तोंडाकडे एकदां पाहिलें, मान हलविली, आणि मला न विचारतां घोडा खालच्या वाटेस लावला. सखल भागांत आल्यावर ती सुधारली. त्या माणसास अक्षरओळख होती कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं. माझ्या पदव्या मात्र त्या दिवशीं कांहीं कामास आल्या नाहींत, एवढें खरें.

आतां मौज पाहा. ज्या माचू पिच्चूसाठीं हा सारा आटापिटा, तें कुस्कोपेक्षां तीन हजार फूट खालीं आहे! म्हणजे विमानतळावरून तसेंच उरुबांबा नदीच्या खोऱ्यांत उतरावें, नऊ हजार फुटांच्या आसपास दोन-तीन रात्री काढाव्या, पिसाक आणि ओल्यांतायतांबो येथील डोंगरउतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांचीं शेतें पाहावीं, तेथूनच आगगाडीनें माचू पिच्चूस जावें, आणि शरीर सरावल्यावर उरलेले दिवस कुस्कोस द्यावे, हा सरळ मार्ग आहे. यांत पैसा अधिक लागत नाहीं. फक्त यादींतील दोन नांवें गाळावीं लागतात. तेंच आम्हांस जमत नाहीं.

येथें माझ्या मित्राचा आक्षेप मला ऐकूं येतो. "लाखों रुपये खर्चून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास पुन्हां कोण जाणार? एकदांच जायचें तर सर्व पाहून घ्यावें." हा आक्षेप हंसण्यासारखा नाहीं. ज्यानें आयुष्यभर काटकसर केली त्यास रुपयाचा पुरता मोबदला हवासा वाटावा, यांत गैर काय? परंतु मोबदला कशांत मोजावयाचा, हा प्रश्न आहे. सात दिवसांपैकीं निम्मे गाडींत आणि उरलेले डोकें धरून गेले, तर पाहिलें काय? जें "पाहून टाकलें" तें टाकलेंच म्हणावयाचें.

आणि या घाईंत बळी जातो तो कुस्कोचा. तें जणूं दुसरीकडे जाण्याची पायरी! वस्तुतः इंकांच्या साम्राज्याचे चारहि भाग याच शहरापासून चार दिशांस निघत. याच शहरांत १५३९ सालीं जन्मलेल्या गार्सिलासो दे ला व्हेगा यानें, ज्याची माता इंका राजकुळांतील व पिता स्पॅनिश होता, कुस्को म्हणजे जगाची नाभि असा अर्थ सांगितला आहे. कोरिकांचा या सूर्यमंदिराच्या भिंतींवरील सोन्याचे पत्रे १५३३ सालीं स्पॅनिश लोकांनीं उचकटून नेले आणि त्याच भिंतींवर ख्रिस्ती मठ उभारला. १९५० च्या मे महिन्यांतील भूकंपांत वरच्या मठाची मोठी पडझड झाली. चुन्यावांचून बसविलेल्या इंकांच्या भिंती उभ्या राहिल्या. शहराच्या माथ्यावरील साक्सायवामानचे चिरे पाहा. त्यांतील सर्वांत मोठ्यांचें वजन शंभर टनांहून अधिक भरतें. १५३६ च्या उठावांत मांको इंकाच्या सैन्यानें तेथूनच शहराला वेढा घातला होता. पुढें जेवढे चिरे हलवितां आले तेवढे विजेत्यांनीं आपल्या घरांसाठीं व देवळांसाठीं वाहून नेले. हा इतिहास वाचावयास पायीं हिंडावें लागतें, आणि पायीं हिंडण्यास दम लागतो.

माचू पिच्चू पाहूं नये असें मी म्हणत नाहीं. परंतु तेथेंहि आम्ही दुसऱ्याच्या डोळ्यांनीं पाहतों. १९११ सालीं हायरम बिंगहॅम यानें तें "शोधून काढलें" असें आपण घोकतों. तो पोंचला तेव्हां त्या पायऱ्यांवर शेतकरी कुटुंबें पिकें काढीत होतीं, आणि त्यास वाट दाखविली ती तेथल्याच माणसांनीं. ज्यांच्या देशाचाहि शोध एका दर्यावर्दी पोर्तुगीजानें "लावला", त्यांनीं तरी हा शब्द जपून वापरावा.

शिवाय आपल्या घाईचा भार दुसरेच वाहतात. चिंचेरोच्या पठारावर, कुस्कोहूनहि उंच जागीं, इंकाकालीन शेतांच्या व वस्तीच्या शेजारीं, नव्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचें काम पेरू सरकारनें हातीं घेतलें. २०१९ सालीं अनेक इतिहासज्ञांनीं व पुरातत्त्वज्ञांनीं त्याचा निषेध केला. तो विमानतळ कोणासाठीं? पांथस्थाचे कांहीं तास वांचावे यासाठीं. म्हणजे आपल्या यादींतील एकेका नांवाची किंमत तेथल्या जमिनीनें द्यावयाची.

कोणी म्हणेल, त्या दूरच्या लोकांशीं आमचा संबंध काय? संबंध आषाढी एकादशीस आपल्या ताटांत असतो. बटाटा हा त्याच पर्वतांतला. दाण्याचा कूट, मिरची आणि साबुदाण्याचा कंद हींहि त्याच खंडांतून आलेलीं. ज्यांच्या पूर्वजांनीं पिकविलेल्या अन्नावर आमचा उपवास पार पडतो, त्यांच्या दारीं जाऊन त्यांच्याकडे मान वर करून पाहण्यास आम्हांस सवड नसावी, ही कृतघ्नता नव्हे काय?

माझ्या मित्रानें हा लेख वाचून आपला कागद फाडावा अशी माझी अपेक्षा नाहीं. त्यानें फक्त त्यावरील विनिकुन्का आणि तितिकाका हीं दोन नांवें खोडावीं, आणि मोकळ्या झालेल्या जागीं कांहीं एक लिहूं नये. त्या कोऱ्या जागेंतच त्याचा प्रवास होईल.