‘सापडलं नाही’ आणि ‘शोधलंच नाही’ यांतला फरक

‘फक्त ॲप सुरू करा, सर्च सर्व्हर आपोआप सुरू होईल.’ असं वाक्य एखाद्या प्रोजेक्टच्या रीडमी फाइलमध्ये दिसलं की नवख्या प्रोग्रामरला हायसं वाटतं. माझं म्हणणं असं की, खऱ्या वापरकर्त्यांसाठी चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नाही, घोळ आहे. आणि तो आपण कौतुकानं एकमेकांना शिकवतो आहोत.

आधी प्रकरण काय ते पाहू. वेबसाइटवरच्या शोधपेटीमागे बऱ्याचदा सोलर किंवा इलास्टिकसर्च असतं. दोन्ही ल्युसीनवर उभी आहेत. डग कटिंगनं 1999 मध्ये लिहिलेली ही जावा लायब्ररी. लायब्ररी तुमच्या प्रोग्रामच्या आतच राहते, त्याच्याबरोबर जगते आणि मरते. सर्व्हरचं तसं नाही. त्याची प्रोसेस वेगळी, मेमरी वेगळी, पोर्ट वेगळा, डेटाचं फोल्डर वेगळं. पण ॲपच्या कोडमधून दोन ओळींत तो सुरू करता येतो, म्हणून आपण त्याला लायब्ररीसारखं वागवतो. चूक इथेच होते.

आता ॲप मेलं असं समजा. त्याला सक्तीनं मारलं, म्हणजे ‘किल नऊ’ दिलं, तर मरताना आवराआवर करायची संधीच मिळत नाही. सर्च सर्व्हर मागे पोरका चालू राहतो. ॲप पुन्हा उठतं, नवा सर्व्हर सुरू करू पाहतं, तर सोलरचा 8983 पोर्ट आधीच अडलेला. इंडेक्सवरही कुलूप, कारण ल्युसीन एका इंडेक्सवर एका वेळी एकालाच लिहू देतं.

ॲप सिस्टमडीखाली चालत असेल तर उलटी गंमत. सेवा थांबवली की सिस्टमडी मूळ सेटिंगनुसार त्या गटातल्या सगळ्याच प्रोसेस बंद करतो. म्हणजे तुम्ही बटणाचा रंग बदलून डिप्लॉय केलं, की सर्च सर्व्हरही खाली बसला. डॉकरमध्ये तर थांबवण्याचा निरोप दिल्यावर साधारण 10 सेकंद मिळतात, मग थेट मरण.

पुढे ॲपच्या दोन प्रती दोन मशीनवर चालवल्यात, की प्रत्येकीचा सर्व्हर वेगळा आणि इंडेक्सही वेगळा. वापरकर्त्यानं पान रीफ्रेश केलं की निकाल बदलतात. बिचाऱ्याला वाटतं, आपल्याच फोनमध्ये काहीतरी गडबड आहे.

सगळ्यात वाईट गोष्ट मात्र याहून शांतपणे घडते. सर्व्हर बंद आहे, ॲपनं ती चूक गिळली आणि रिकामी यादी दाखवली: ‘काहीही सापडलं नाही.’ रक्तदात्यांच्या यादीत कुणी ‘ओ निगेटिव्ह’ शोधत असेल, तर हे वाक्य खोटं आहे. सापडलं नाही असं नव्हे, शोधलंच गेलं नाही. समोरचा माणूस ते खरं मानून फोन खिशात ठेवतो.

‘छोट्या टीमला वेगळा सर्व्हर कोण सांभाळणार?’ हा प्रश्न रास्त आहे. पण ॲपमधून सुरू केल्यानं सांभाळण्याचं काम संपत नाही, फक्त दिसेनासं होतं. मेमरी किती द्यायची, बॅकअप कोण घेणार, लॉग कोण वाचणार, हे प्रश्न तसेच राहतात. इलास्टिकसर्चला मशीनच्या निम्म्याहून जास्त मेमरी हीपसाठी देऊ नका, असा सल्ला असतो, कारण उरलेली फाइल कॅशला लागते. त्याच मशीनवर तुमचं ॲपही तोंड उघडून बसलेलं असेल, तर ती उरणार कुठून? आणि छोट्या टीमची गरज खरंच छोटी असेल, तर सर्व्हर हवाच कशाला? ल्युसीन लायब्ररी म्हणून वापरा. एसक्यूलाइटमध्ये पूर्ण मजकूर शोधण्याची सोय आहे. पोस्टग्रेसमध्येही आहे.

हे सर्व्हर बनवणाऱ्यांनीही हाच कौल दिला आहे. 2015 मध्ये सोलर 5 आलं आणि टॉमकॅटसारख्या दुसऱ्याच्या घरात राहणं सोडून सोलर स्वतंत्र सर्व्हर झालं. 2016 च्या इलास्टिकसर्च 5 पासून ॲपच्या पोटात नोड चालवण्याला अधिकृत पाठिंबा उरला नाही. रेल्ससाठीच्या सनस्पॉटबरोबर सोलर बांधून मिळतं, पण ते डेव्हलपमेंट आणि टेस्टिंगपुरतं.

टेस्टिंगमध्ये माझी हरकत नाही. तिथे कोडमधून सर्व्हर जरूर उठवा. पोर्ट दर वेळी वेगळा घ्या, फोल्डर तात्पुरतं ठेवा, सर्व्हर तयार झाल्याची खात्री करा आणि शेवटी सगळं पुसून टाका. तिथला डेटा कुणाचाच नसतो.

प्रॉडक्शनमधला डेटा कुणाचा तरी असतो. तिथे सर्व्हर सुरू करणं, थांबवणं आणि पडला तर उठवणं हे सिस्टमडीसारख्या व्यवस्थापकाचं काम. ॲपनं त्याचा पत्ता सेटिंगमधून घ्यावा, विचारावं, आणि उत्तर आलं नाही तर तसं स्पष्ट सांगावं: ‘शोध सध्या बंद आहे, थोड्या वेळानं पाहा.’ पुढच्या वेळी कुणाचा कोड तपासायला घ्याल, तेव्हा हे एक वाक्य त्यात आहे का, एवढं आधी बघा.