मेणाची खोली, तिजोरीत न मावणारी

व्हाइटफील्डच्या गगनचुंबी संकुलांत राहणाऱ्या मराठी घरांतही चिऊकाऊची गोष्ट अद्याप सांगितली जाते. काऊचे घर शेणाचे, चिऊचे घर मेणाचे. पावसात शेणाचे वाहून जाते आणि मेणाचे टिकते. मराठी मुलाला मेणाची पहिली ओळख होते ती अशी, निवाऱ्याचा पदार्थ म्हणून. पुढे देवघर, वीज गेल्यावरची मेणबत्ती आणि वाढदिवसाचा केक एवढ्यापुरतेच मेण आपल्या आयुष्यात उरते. समकालीन कलावंतांनी मात्र या साध्या पदार्थाकडे अतिशय गांभीर्याने पाहिले आहे, आणि त्यांचे हे काम केवळ कलारसिकांपुरते मर्यादित राहू नये.

मेण आणि मूर्ती यांचे नाते या भूमीला नवीन नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मेणाचा साचा करून धातूची मूर्ती ओतण्याचा विधी सविस्तर आला आहे. मेणाच्या वजनावरून किती धातू घ्यावा, याचे प्रमाणही तेथे दिले आहे. (कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण.) परंतु त्या विधीत मेण वितळून निघून जाते आणि पूजा होते ती धातूची. मेणालाच अखेरचे स्थान देणे, हे आधुनिक कलेचे वेगळेपण होय.

१९५० साली जर्मनीत जन्मलेले वोल्फगांग लाइब यांनी वैद्यकशास्त्राचे शिक्षण पूर्ण केले, पण डॉक्टरीचा व्यवसाय केला नाही. फुलांचे पराग, दूध, तांदूळ आणि मधमाश्यांचे मेण ही त्यांची साधने. भारताशी त्यांचा जुना ऋणानुबंध असून तामिळनाडूत त्यांची कार्यशाळाही आहे. वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शन या संग्रहालयात २०१३ साली त्यांनी एक कायमस्वरूपी मेणाची खोली साकारली. सुमारे २०० किलो मेणाने लिंपलेल्या भिंती, मेणाचेच छत आणि वर लोंबणारा एकच उघडा दिवा. एका वेळी एकदोन माणसेच आत जाऊ शकतात. तेथे पाहण्याजोगे असे काहीही नाही. मेण प्रकाश परतवून लावत नाही, तो काहीसा आत घेते आणि मग पिवळसर, मऊ करून परत देते. त्यामुळे भिंतच उजळल्याचा भास होतो. मधाचा मंद वास असतो. एक किलो मेण घडवताना मधमाश्यांना त्याच्या कित्येक पट मध खर्ची घालावा लागतो, हे ठाऊक असलेला माणूस त्या भिंतीला सहजासहजी हात लावणार नाही.

दुसरे नाव आपल्या अधिक जवळचे. १९५४ साली मुंबईत जन्मलेले आणि लंडनमध्ये स्थायिक झालेले अनिश कपूर. त्यांच्या आईचे वडील पुण्याच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनागायक होते. कपूर यांच्या ‘स्वयंभ’ या २००७ च्या कलाकृतीत लाल मेण आणि व्हॅसलीन यांचा प्रचंड ठोकळा रुळांवरून अतिशय संथ गतीने दालनांच्या दारांतून सरकतो आणि चौकटींवर आपले अंग सांडत जातो. शीर्षकाचे मूळ ‘स्वयंभू’ या संस्कृत शब्दात आहे. शेंदराने लिंपलेली स्वयंभू दैवते पाहत वाढलेल्या मराठी माणसाला हे परके वाटू नये. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील शेंदराचा वर्षानुवर्षांचा थर २०२२ मध्ये उतरवण्यात आला, तेव्हा आतील मूळ रूप पाहून भाविक थक्क झाले. थर चढत जातात आणि आकार हरवतो. कपूर यांच्याकडे थर खरवडले जातात आणि आकार घडतो.

तथापि अशा प्रत्येक कलाकृतीला ‘आध्यात्मिक’ हे विशेषण लावण्याची घाई बरी नव्हे. कपूर यांचे लाल मेण रक्तामांसाचे स्मरण देते. त्यात प्रकाश नाही. प्रकाशाचा खेळ त्यांच्या पोलादी आरशांत आहे. लाइब यांच्या खोलीला ते विशेषण शोभते, आणि त्याचे कारण दिव्यात नसून एकांतात आहे.

२०१० च्या अखेरीस कपूर यांचे काम मुंबईत आले ते वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत. चित्रपटांच्या त्या उंच शेडमध्ये तोफेतून लाल मेणाचे गोळे कोपऱ्यावर डागले जात होते. संग्रहालयाची वास्तू नसली तरी मोठी कला लोकांसमोर आणता येते, हे त्या प्रदर्शनाने दाखवून दिले.

येथेच व्हाइटफील्डचा प्रश्न येतो. १८८२ साली अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या वसाहतीसाठी मिळालेल्या या जमिनीवर आज काचेच्या इमारती रात्रभर उजळलेल्या असतात. २०२३ पासून मेट्रोही कडुगोडीपर्यंत धावू लागली आहे. सत्य साईबाबांचा वृंदावन आश्रम याच परिसरात आहे. कंपन्यांची आणि बँकांची स्वागतदालनेही प्रशस्त आहेत, पण तेथे बहुधा एखादे भडक तैलचित्र वा पितळी गणपती एवढीच कला दिसते. चित्राची किंमत वाढेल, ताळेबंदात ते मालमत्ता म्हणून दाखवता येईल, हा त्यामागील विचार समजण्याजोगा आहे. मेणाची खोली मात्र विकता येत नाही, लॉकरमध्ये ठेवता येत नाही आणि तारणही घेता येत नाही. म्हणूनच ती कोणा एका संग्राहकाने विकत घ्यावी अशी अपेक्षा व्यर्थ आहे. तिला जागा द्यायची तर ती संस्थांनीच द्यावी लागेल.

खर्चाची सबब फारशी टिकणारी नाही. मधमाश्यांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंशांवर वितळते. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवरचे बंगळुरू उन्हाळ्यातही चाळिशीच्या आतच राहते. थेट ऊन लागणार नाही एवढी काळजी घेतली म्हणजे पुरे. फार तर एका वापरात नसलेल्या अभिलेख-कक्षाएवढी जागा, एक दिवा, आणि दारावर भ्रमणध्वनी बाहेर ठेवून घेणारा, एका वेळी एकालाच आत सोडणारा शिपाई.