पंधरा दिवसांचा गोरेपणा

गेल्या शनिवारी डोकेदुखीची गोळी घ्यायला केमिस्टकडे गेलो होतो. माझ्यापुढे कॉलेजातला एक मुलगा. "काका, चेहऱ्यावरच्या डागांसाठी काहीतरी द्या ना." काकांनी मान वर न करता एक ट्यूब सरकवली. ना चिठ्ठी, ना एखादा प्रश्न.

आगाऊपणा करून मी खोका वाचला. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यातलं शेवटचं म्हणजे स्टेरॉइड. वांगावर डॉक्टर हे मिश्रण देतात, पण थोडे आठवडे आणि देखरेखीखाली. आपण मात्र ते पावडरीसारखं रोज फासतो.

गोची अशी की हे क्रीम काम करतं! लाली दबते, रंग उजळतो, मित्र विचारतात, "काय रे, काय लावतोस?" पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, पुरळ येतं, नको तिथे केस उगवतात. क्रीम बंद केलं की चेहऱ्याची आग होते, म्हणून पुन्हा तेच लावायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर बग तसाच ठेवून एरर लॉग बंद करण्याचा प्रकार.

कोलकात्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी 2008 मध्ये याला नावही दिलं, 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस'. सरकारला जाग यायला 2018 उजाडलं. त्या वर्षी मार्चमध्ये 14 स्टेरॉइड मलमांची सूट काढून ती चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. कागदावर. काउंटरवर काय चालतं ते वर सांगितलंच.

"डॉक्टरची फी कोण भरणार?" असं म्हणाल. अहो, वीकेंडच्या एका पिझ्झा-पिक्चरला आपण किती उडवतो? आणि बिघडलेला चेहरा महिनोन्‌महिने निस्तरताना तीच फी कितीदा भरावी लागते?

केमिस्ट दोषी आहेच. पण लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी' लिहिणारे आणि भाचीला "किती काळवंडलीस गं!" म्हणणारे आपणच ना? गिऱ्हाईक आपण घडवतो, तो फक्त ट्यूब देतो.

तेव्हा खोक्यावर 'सोन' किंवा 'सोल'ने संपणारं नाव दिसलं, तर आधी विचारा. महिनोन्‌महिने लावत असाल तर मात्र मनाने एकदम बंद करू नका, त्वचेच्या डॉक्टरकडे जा. आणि तो मुलगा? मी काही बोलेपर्यंत पैसे देऊन निघून गेला होता. तेच डोक्यात राहिलंय.