दोन कोटींतील एकासाठी

२००९ साली 'पा' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला, त्या वेळी आपल्याकडे बोलले गेले ते प्रामुख्याने रंगभूषेविषयी. साठी उलटलेल्या अमिताभ बच्चन यांनी बारा वर्षांच्या ऑरोची भूमिका केली, त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला आणि 'प्रोजेरिया' हा शब्द मराठी घराघरांत पोहोचला. चित्रपट उतरला, तसा तो शब्दही विस्मरणात गेला. नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेतील बोस्टनजवळची एक धर्मादाय संस्था 'उरलेल्या १५० जणांना शोधा' अशी मोहीम जगभर राबवीत होती. तोवर या विकाराची जेमतेम पन्नासेक बालके जगात ठाऊक होती. हिशेबाप्रमाणे ती दोनशेच्या आसपास असायला हवी होती. मग बाकीची कोठे होती? बहुधा अशाच एखाद्या खेड्यात किंवा झोपडपट्टीत, जेथे त्यांच्या आजाराला नावच नव्हते.

प्रोजेरिया रिसर्च फाउंडेशन ही ती संस्था. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आहे. जीवरसायनशास्त्राचे आकृतिबंध पाहिले की आजही त्याला धडकी भरते. तरीही या संस्थेची पंचवीस वर्षांची वाटचाल समजून घ्यावी असे वाटले, कारण तिच्यात विज्ञानाइतकाच संघटनेचा धडा आहे आणि तो आपल्या समाजाने अद्याप पुरता गिरविलेला नाही.

आधी आजार थोडक्यात. मूल जन्मतः निरोगी दिसते. पहिल्या-दुसऱ्या वर्षात वाढ खुंटते, केस गळतात, त्वचा ताठर होते, सांधे आखडतात. बुद्धी मात्र तल्लख राहते, आणि हेच आईबापांना सर्वांत जड जाते. रक्तवाहिन्या म्हाताऱ्या माणसाप्रमाणे कठीण होतात. औषधावाचून सरासरी साडेचौदाव्या वर्षी हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने मृत्यू येतो. सुमारे चाळीस लाख जन्मांमागे एक, आणि जिवंत लोकसंख्येत अंदाजे दोन कोटींत एक असे हे प्रमाण. ब्रिटिश वैद्य जोनाथन हचिन्सन यांनी १८८६ मध्ये याचे पहिले वर्णन केले. पुढची ११३ वर्षे वैद्यकाच्या ग्रंथांत त्याची नोंद राहिली, छायाचित्र राहिले. उपाय शोधण्याचा पद्धतशीर प्रयत्न मात्र झाला नाही. तो कोणी करावा? रुग्ण इतके थोडे की औषध कंपनीला बाजार नाही, शासनाला मतदार नाही आणि संशोधकाला हाताशी नमुना नाही.

१९९८ मध्ये सॅम बर्न्स या सुमारे दोन वर्षांच्या मुलाला प्रोजेरिया असल्याचे निष्पन्न झाले. आईवडील, लेस्ली गॉर्डन आणि स्कॉट बर्न्स, दोघेही डॉक्टर. मावशी ऑड्री गॉर्डन वकील. या रोगावर काम कोठे चालले आहे, याची चौकशी त्यांनी केली, तेव्हा जनुक अज्ञात, निदानाची चाचणी नाही, संशोधनाला निधी नाही असे उत्तर मिळाले. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, त्यांनी संस्था स्थापन केली.

आता एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. अशा प्रसंगी आपल्याकडे बहुधा काय झाले असते? निधी जमला असता, मुलासाठी विमानाची तिकिटे काढली गेली असती, फार तर एखाद्या रुग्णालयात नावाची पाटी लावून खोली बांधली गेली असती. त्यात वावगे काही नाही. या मंडळींनी मात्र निराळा विचार केला. शास्त्रज्ञांची या रोगाकडे पाठ आहे ती अनास्थेमुळे नव्हे, त्यांच्यापुढे कामाला सामग्रीच नाही म्हणून, हे त्यांनी ओळखले. म्हणून रुग्णांची आंतरराष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. मुलांच्या त्वचेतून व रक्तातून घेतलेल्या पेशींची पेढी उभी राहिली. कोणत्या देशातील बालकाचे वजन कोणत्या वयात किती होते, दात कधी आले, पहिला पक्षाघात कधी झाला, अशा साध्या, रुक्ष, कारकुनी नोंदी एकत्र होऊ लागल्या. जगातील कोणत्याही प्रामाणिक संशोधकाने मागावे आणि संस्थेने पेशी पाठवाव्यात, अशी सोय झाली.

फळ लवकर आले. एप्रिल २००३ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर अवघ्या चार वर्षांत, फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या प्रयोगशाळेतील मारिया एरिक्सन व सहकाऱ्यांनी कारण शोधून काढले. याच सुमारास फ्रान्समधील मार्सेयच्या चमूनेही स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला, हे सांगितले पाहिजे. श्रेय एकाच झेंड्याखाली गोळा करण्याची घाई नको. तपासलेल्या वीस नमुनेदार रुग्णांपैकी अठरा जणांत लॅमिन-ए या जनुकातील एकच अक्षर, अगदी तेच एक अक्षर, बदललेले आढळले. हा दोष सहसा आईबापांकडून आलेला नसतो. तो नव्याने उद्भवतो. 'कोणाच्या घराण्यातून आले?' या प्रश्नाने आपल्याकडे किती सुना पोळल्या असतील, त्यांच्यासाठी एवढे एक वाक्यही औषधासारखे आहे.

त्या एका अक्षराने काय होते तेही विलक्षण आहे. प्रथिनाच्या साखळीतील घटक त्यामुळे बदलत नाही. बदलते ते कातरकाम. पेशीची यंत्रणा चुकीच्या जागी कात्री चालवते आणि प्रथिनातून पन्नास घटकांचा तुकडा गळून पडतो. लॅमिन तयार होताना त्याला एक चिकट शेपटी लागते आणि काम झाले की ती छाटली जाते. गळालेल्या तुकड्यातच छाटण्याची जागा असल्यामुळे सदोष प्रथिनाची, म्हणजे प्रोजेरिनची, शेपटी कायम राहते. ते पेशीकेंद्राच्या पडद्याला चिकटून बसते आणि केंद्राचा आकार वेडावाकडा होतो. या लॅमिनवर हैदराबादच्या सीसीएमबीत डॉ. वीणा परनाईक यांनी अनेक वर्षे काम केले आहे. म्हणजे विषय आपल्या प्रयोगशाळांना परका नाही.

रोग चिकट शेपटीमुळे होतो हे उमगताच, ती शेपटी लागूच नये यासाठीचे औषध आधीच कपाटात पडून असल्याचे ध्यानात आले. शेरिंग-प्लाऊ कंपनीने कर्करोगासाठी लोनाफार्निब बनविले होते. तेथे त्याची डाळ शिजली नव्हती. २००७ मध्ये बोस्टनच्या बालरुग्णालयात १६ देशांतील २८ मुलांवर त्याची चाचणी सुरू झाली. दर चार महिन्यांनी ही मुले तेथे नेली जात. जगातल्या ज्ञात रुग्णांचा निम्म्याहून अधिक भाग एका चाचणीत आणणे हे कोणत्या विद्यापीठाला जमले असते? नोंदवही होती म्हणूनच ते जमले.

एक शंका मात्र उरली. इतकी मोजकी, मृत्यूच्या दारात उभी असलेली मुले. त्यांतील निम्म्यांना खोटी गोळी देऊन तुलना कोण करील? मग औषधाने आयुष्य वाढते हे सिद्ध कसे करायचे? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही तुलना झाली. एका बाजूला औषध घेणारी २७ मुले आणि दुसऱ्या बाजूला औषध न मिळालेली, वयाने व इतर बाबतींत मिळतीजुळती २७ मुले. सुमारे सव्वादोन वर्षांच्या काळात पहिल्या गटात एक मृत्यू, दुसऱ्यात नऊ. ही दुसऱ्या गटाची माहिती आली ती संस्थेने जपलेल्या नोंदींतून. ज्या आईबापांनी आपल्या लेकरासाठी काहीच हाती लागणार नाही हे जाणूनही त्याची उंची-वजने, अहवाल आणि अखेरची तारीख परदेशातील एका अनोळखी कार्यालयाला कळविली, त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांना औषध मिळवून दिले. याला दान म्हणायचे नाही, तर कशाला?

२० नोव्हेंबर २०२० रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लोनाफार्निबला मान्यता दिली. यशाचे ढोल मात्र बेताने वाजवावेत. या औषधाने रोग बरा होत नाही. मान्यतेच्या वेळच्या आकड्यांनुसार अकरा वर्षांपर्यंतच्या पाठपुराव्यात आयुर्मान सरासरी अडीच वर्षांनी वाढते. सॅम हे पाहायला नव्हता. तोही चाचणीत सहभागी होता, पण जानेवारी २०१४ मध्ये सतराव्या वर्षी तो गेला. इटलीचा सामी बास्सो हा त्याच चाचणीतला. त्याने रेण्वीय जीवशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली, स्वतःच्याच रोगावर काम केले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी त्याचे निधन झाले.

संस्थेचा व्यवहारीपणाही नोंदविण्याजोगा आहे. मावशी वकील असल्याचा येथे उपयोग झाला असावा. अमेरिकेत बालकांच्या दुर्मीळ रोगावर औषध आणणाऱ्या कंपनीला अन्य औषधाची जलद छाननी करून घेण्याचा हस्तांतरणीय हक्क मिळत असे. लोनाफार्निब आणणाऱ्या आयगर कंपनीशी करार करतानाच या हक्काच्या विक्रीतला निम्मा वाटा संस्थेने राखून ठेवला. तो हक्क साडेनऊ कोटी डॉलरना विकला गेला. केक विकून आणि धावण्याच्या शर्यती भरवून उभ्या राहिलेल्या संस्थांना असे पैसे क्वचित दिसतात. दरम्यान २०२१ मध्ये डेव्हिड लिऊ, कॉलिन्स आदींच्या चमूने उंदरांमध्ये ते एक चुकलेले अक्षरच दुरुस्त करून दाखविले. एका इंजेक्शनानंतर त्यांचे मध्यम आयुष्य २१५ दिवसांवरून ५१० दिवसांवर गेले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरेच. पण दिशा कळली.

यावर एक आक्षेप हमखास येतो. ज्या देशात कुपोषण आहे, क्षय आहे, तेथे चारशे मुलांच्या रोगाचे कौतुक कशाला? निरोगी माणसाच्या पेशींतही अल्प प्रमाणात प्रोजेरिन आढळते, त्यामुळे या संशोधनातून सर्वांच्याच वार्धक्याचे कोडे उलगडू शकेल, असे उत्तर शास्त्रज्ञ देतात. ते बरोबर आहे, पण मला ते अपुरे वाटते. बहुसंख्यांच्या उपयोगी पडते म्हणून त्या मुलाकडे पाहायचे, हा हिशेब मनाला पटत नाही. शिवाय हा पैसा क्षयाच्या खात्यातून वळविलेला नव्हता. तो एरवी जमलाच नसता.

आणि समाजाने संशोधनासाठी पैसा देणे ही आपल्याला परकी गोष्ट आहे असेही नाही. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये कोलकात्यात देणग्यांवर विज्ञानसंस्था उभारली. १९२८ चा रामन परिणाम तेथेच गवसला. प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी सुरू केली. पुढे कोठेतरी हा धागा तुटला. आज आपला दाता अन्नदानाला, शाळेच्या खोलीला, डायलिसिसच्या यंत्राला उदारपणे देतो, कारण त्याचे फळ डोळ्यांना दिसते. पेशींच्या पेढीतील शीतपेटीवर कोणाच्या मातोश्रींचे नाव मी अद्याप पाहिलेले नाही. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ रोग धोरणानुसार मुंबईच्या केईएमसारख्या निवडक केंद्रांतून ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. ती उपचाराची मदत आहे आणि आवश्यकच आहे. पण नोंदवही ठेवणे, विखुरलेली घरे जोडणे, रात्री फोन उचलणे हे काम शासकीय खिडकीवर होत नसते.

दोन कोटींत एक धरले, तर भारतात अशी सत्तरेक मुले असली पाहिजेत. त्यांच्यासाठी संस्थेने वेगळी शोधमोहीमही चालविली. इकडे २०२४ मध्ये आयगर कंपनी दिवाळखोरीत गेली आणि लोनाफार्निब विकत घेतले ते सेंटिनल या अमेरिकी कंपनीने. सेंटिनलची मालकी आहे अहमदाबादच्या झायडस समूहाकडे. म्हणजे या सत्तर घरांनी औषधाविषयी कोणाला विचारायचे, याचा पत्ता आता सातासमुद्रापार राहिलेला नाही. त्या घरांची यादी करून अहमदाबादला जाईल, अशी चार माणसे मुंबई-पुण्यात एकत्र बसायला काय हरकत आहे?