गळाची काठी आणि गळाची विद्या

गळानें मासे धरण्याचा विषय या सदरांत पाहून आमच्या कांहीं भगिनींच्या कपाळाला आंठी पडेल, हें मी जाणून आहें. ज्या घरांत चातुर्मासांत कांदा-लसूणही वर्ज्य, त्या घरांत हा धीवरांचा व्यवसाय कशाला, असा प्रश्न माजघरांतून येणारच. परंतु प्रसंगच तसा आहे. एका वाचक गृहस्थांनीं लिहिलें आहे कीं, त्यांच्या धाकट्या चिरंजीवांना सुटीच्या दिवशीं तळ्यावर गळ टाकून बसण्याचा नाद लागला आहे. धरलेला मासा ते पुन्हां पाण्यांत सोडून देतात, तेव्हां स्वयंपाकघर बाटण्याची भीति नाहीं; भीति आहे ती तिजोरीची. दोन वर्षांत दोन काठ्या, तीन चक्र्या आणि पेटीभर कृत्रिम आमिषें झालीं. आतां परदेशी बनावटीची तिसरी काठी हवी आहे, आणि तिची किंमत चिरंजीवांच्या महिन्याच्या पगाराहून अधिक आहे. मासे मात्र हातीं लागत नाहींत. चिरंजीव म्हणतात, काठी चांगली नाहीं म्हणून. वडील म्हणतात, नाचतां येईना अंगण वांकडें. आजीबाईंचें मत अर्थातच दोघांहून निराळें आहे. या तिघांमध्यें मीं निवाडा द्यावा, अशी त्या गृहस्थांची इच्छा आहे.

पापपुण्याचा निवाडा मी देत नाहीं; तो आजीबाईंकडेच असूं द्यावा. मी स्वतः कधीं गळ हातीं धरलेला नाहीं. पण नोकरीचीं बरींच वर्षें कृष्णाकांठच्या एका गांवीं गेलीं, शाळेमागील पायऱ्यांवरून भोई मंडळींचें काम रोज दिसत असे, आणि ग्रंथ चाळण्याची खोड तर जुनीच आहे. तेवढ्या भांडवलावर जें सांगतां येईल तें सांगतों.

हा विषय केवळ धीवरांचा आहे, ही समजूत प्रथम दूर केली पाहिजे. ज्यांनीं लहानपणीं अमरकोश पाठ केला असेल, त्यांनीं वारिवर्गांत रोहित, पाठीन, शफर हीं माशांचीं नांवें आणि गळाला बडिश हा शब्द, दोन्ही घोकलीं आहेत. त्याहून मोठें प्रमाण म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. कल्याणी म्हणजे आजचें कर्नाटकांतील बसवकल्याण. या राजानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ नांवाचा ग्रंथ रचिला. पांच विंशति, म्हणजे शंभर अध्याय, आणि राजनीतीपासून पाकशास्त्रापर्यंत कोणताही विषय त्यानें सोडलेला नाहीं. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेनें तो छापला असून त्याचा पहिला भाग १९२५ सालीं निघाला. त्यांतील चौथ्या विंशतींत राजाच्या करमणुकी सांगितल्या आहेत, आणि त्यांत ‘मत्स्यविनोद’ आहे.

आतां विचार करा. लिहिणारा सार्वभौम राजा. मनांत आणता तर रत्नजडित काठी करविता. त्यानें दोरी व काठी यांचें वर्णन केलें आहे, नाहीं असें नाहीं. पण तो तेवढ्यावर थांबत नाहीं. समुद्रांतले मासे कोणते, नदींतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, ते राहतात कोठें, आणि कोणाला कसलें अन्न घालावें, हें त्यानें जातवार सांगितलें आहे. पिठाच्या गोळ्यांपासून मांसापर्यंत निरनिराळे आहार दिले आहेत. ज्याला खर्चाची पर्वा नव्हती, त्यालाही माशाची ओळख करून घेतल्यावांचून गत्यंतर नव्हतें, हें चिरंजीवांनीं ध्यानांत घ्यावें.

ही ओळख म्हणजे काय, तें थोडें विस्तारानें पाहूं. शाळेंतील पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत प्रकाशाच्या वक्रीभवनाचा पाठ असतो. पाण्यांत बुडविलेली काठी मोडल्यासारखी दिसते, एवढेंच विद्यार्थी लक्षांत ठेवितात. त्याच नियमाची दुसरी बाजू माशाच्या ठिकाणीं बसून पाहावी. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचें सगळें जग डोक्यावरच्या सुमारें ९७ अंशांच्या एका गोल झरोक्यांत कोंबलेलें दिसतें. झरोक्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होतो आणि त्यांत तळाचेंच प्रतिबिंब पडतें. मासा तीन फूट खोल असेल, तर झरोक्याचा व्यास सुमारें सात फूट भरतो. कांठावर ताठ उभा राहिलेला मनुष्य या झरोक्यांत स्पष्ट दिसतो; तोच मनुष्य चार पावलें मागें सरून खालीं बसला, कीं अगदीं कडेला चेपला जाऊन जवळजवळ नाहींसा होतो. शिवाय माशाच्या दोन्ही कुशींवर एक रेषा असते, तिच्या योगें पाण्यांतील बारीकसा कंपही त्याला कळतो. लाख रुपयांची काठी खांद्यावर टाकून, पांढरा शुभ्र सदरा घालून, बूट आपटीत कांठावर येणाऱ्या गृहस्थांची वर्दी काठी उघडण्यापूर्वींच पोंचलेली असते.

दुसरी गोष्ट पाण्याच्या श्वासाची. थंड पाण्यांत प्राणवायु अधिक विरघळतो, उष्ण पाण्यांत कमी. २० अंश उष्णतामानाच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम राहतो, तर ३० अंशांवर साडेसातच. म्हणून वैशाखांतील दुपारीं उथळ, संथ पाण्यांत गळ टाकून घाम पुसणें व्यर्थ. मासा त्या वेळीं गार डोहांत तरी असतो, नाहीं तर जेथें पाणी खडकांवरून खळाळत हवा घेतें तेथें तरी. वाहत्या पाण्यांत तो धारेच्या मध्यावर बळ खर्चीत राहत नाहीं. मोठ्या दगडाच्या आडोशाला, जेथें वेगाची धार व संथ पाणी यांची शीव असते, तेथें तो तोंड प्रवाहाकडे करून थांबतो, आणि धारेबरोबर वाहत येणारें अन्न बसल्या जागीं टिपतो. ही शीव पुष्कळदां कांठापासून हातभर अंतरावरच असते. मग शंभर फूट दूर दोरी फेंकणाऱ्या काठीचें महत्त्व किती राहिलें?

आमच्या गांवचे भोई हें सारें जाणून होते. अंश आणि मिलिग्रॅम मात्र त्यांना ठाऊक नव्हते. त्यांतील एक म्हातारे तर गढूळ डबक्यापाशीं घटकाभर नुसते बसून राहत. मुलें विचारीत, “बाबा, गळ कां टाकीत नाहीं?” ते म्हणत, “अजून त्यानं श्वास घेतला न्हाई.” यांतील मर्म मला फार उशिरां एका शास्त्रीय पुस्तकांत सांपडलें. मरळ मासा केवळ कल्ल्यांवर जगत नाहीं. त्याला थोड्या थोड्या वेळानें वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. तो कोठें वर येतो, तें पाहून म्हातारा आपली वेळवाची काठी त्याच जागीं लांबवी. आणि पाण्यावर तांबूस पिलांचा थवा दिसला, तर मात्र तेथून उठून जाई. कारण पिलांखालीं त्यांचे आईबाप राखण करीत असतात, आणि ते उचलले कीं थवा इतर माशांच्या तोंडीं जातो. या मनुष्याला आपण अडाणी म्हणत होतों.

परदेशची साक्ष हवी असेल तर तीही आहे. इंग्रजींत या विषयावरचें सर्वांत प्रसिद्ध पुस्तक, ‘द कंप्लीट अँग्लर’, १६५३ सालीं निघालें. त्याचा कर्ता आयझॅक वॉल्टन हा लंडनचा एक व्यापारी. नव्वद वर्षें जगला. पुस्तक संवादरूप आहे, एक जाणता सांगतो व दुसरा वाटेनें चालतां चालतां शिकतो. आपल्याकडील गुरुशिष्यसंवादाची ज्यांना संवय आहे त्यांना तें परकें वाटणार नाहीं. त्या काळची दोरी घोड्याच्या केंसांची वळलेली असे. अलीकडचें उदाहरण फ्रँक सॉयर (१९०६ ते १९८०) यांचें. दक्षिण इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत एव्हन नदीची राखण करणें ही त्यांची नोकरी. नदींत उभें राहून त्यांनीं पाहिलें कीं, ट्राउट मासे पुष्कळसें अन्न पाण्याखालींच खातात. माशीचें रूप येण्यापूर्वींचे जे कीटक पाण्यांत पोहतात, ते त्यांचें भक्ष्य. आणि पोहतांना हे कीटक पाय अंगाशीं आवळून घेतात. मग कृत्रिम आमिषाला पाय लावण्याची खटपट कशाला? फेझंट पक्ष्याच्या शेंपटीचे चार तंतु आणि केंसासारखी तांब्याची तार, एवढ्यावर त्यांनीं गळ मढविला. तारेनें बांधणीही झाली आणि बुडण्यापुरतें वजनही आलें. १९५८ सालीं त्यांचें पुस्तक निघालें, आणि तें आमिष आज जगभर वापरतात. त्यांतील सामानाची किंमत कांहीं पैशांची. मागची पाहणी मात्र उभ्या आयुष्याची.

याचा अर्थ साधनें निरर्थक आहेत, असा कोणी घेऊं नये. डोंगरी नद्यांतील महाशीर गळाला लागला, कीं धारेबरोबर एवढी धांव घेतो कीं, काठीच्या टोंकाला बांधलेली आंखूड दोरी तुटलीच म्हणून समजावें. तेथें चक्री हवी, आणि चक्रीवर लांबलचक दोरी हवी. विमानांसाठीं विकसित झालेला कार्बनचा तंतु १९७० नंतरच्या दशकांत काठ्यांना आला, त्यानें काठी हलकी झाली व दिवसभर हात दुखेनासा झाला, हेंही खरें. परंतु १९४६ सालीं म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यांतील गृहस्थांनीं कावेरीच्या खोऱ्यांत १२० पौंडांचा महाशीर काढला, तेव्हां कार्बनची काठी जगांत जन्मली नव्हती.

तेव्हां पत्रलेखक महाशयांना माझें सांगणें असें. तिसरी काठी यंदा घेऊं नये. असलेल्या दोहोंपैकीं एक पुरेशी आहे. खर्च करावयाचाच तर गळाच्या टोंकावर करावा. टोंक अंगठ्याच्या नखावर टेंकून हलकेंच ओढावें. घसरलें तर बोथट, अडकलें तर धारदार. दोरी उन्हांत पडून कुजते, ती दर हंगामास बदलावी, आणि गांठ आवळण्यापूर्वीं ती ओली करावी. मासा सोडून द्यावयाचा असेल तर गळ बिनकांट्याचा असावा व हात ओला करूनच त्याला शिवावें. कोरड्या हातानें त्याच्या अंगावरचा रक्षक बुळबुळीतपणा निघून जातो. उरलेल्या पैशांतून तळ्याकांठच्या एखाद्या जाणत्या भोयाला चिरंजीवांनीं शिकवणीचा महिना द्यावा. गणिताच्या शिकवणीला पैसे मोजतांना आपण का-कूं करीत नाहीं, येथें मात्र “त्याच्यापाशीं काय शिकायचें?” असें आपल्या ओठांवर येतें. काठीच्या किंमतीहून मला याचेंच अधिक वाईट वाटतें.

चिरंजीव पुढेंमागें कोंकणांत खाडीवर जाणार असतील, तर भरतीच्या वेळेसाठीं वेगळें यंत्र घेण्याचें कारण नाहीं. घरांत पंचांग आहेच. किनाऱ्यावरचे लोक तिथीची पाऊणपट करतात, आणि जो आंकडा येतो, त्या सुमारास भरती पूर्ण होते. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकरा. जागेपरत्वें थोडा फरक पडतो, पण आडाखा म्हणून तो चांगला आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणांत पाणी किती वेगानें आंत-बाहेर करतें, आणि त्याबरोबर मासा कसा फिरतो, तें वहींत टिपून ठेवावें. तिथि, घटका, वारा, पाण्याचा रंग, एवढे चार रकाने आंखले म्हणजे झालें.

एक काळ मात्र वगळावा. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर ओढे-नाले भरून वाहूं लागतात, आणि नदींतले मासे अंडीं घालण्यासाठीं उलट्या धारेनें वर चढतात. याच त्या चढणी. त्या वेळीं मासा धरण्यास विद्या लागत नाहीं आणि काठीही लागत नाहीं. टोपली लावली तरी भरते, म्हणूनच त्या दिवसांत हात आंखडावा. चिरंजीवांनीं दोन्ही काठ्या माळ्यावर टाकाव्या, छत्री घ्यावी आणि गुडघाभर उंचीच्या धारेवर मासा कशी झेंप घेतो, पडतो, पुन्हां घेतो, तें ओढ्याच्या बांधावर उभें राहून पाहावें. आजीबाईंना चालवत असेल तर त्यांनाही बरोबर न्यावें.