फी माफ, पण कॅपमधून आलात तरच

परभणी : बारावीनंतर लेकीचा नंबर कुठं लागेल अन् पैसा किती लागेल, हे दोन प्रश्न जिंतूर, सेलू, पालमकडं वेगवेगळे धरले जातात. खरं तर ते एकच आहेत.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी ५० ऐवजी १०० टक्के माफ झाली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं. पण प्रवेश कॅप फेरीतूनच पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थास्तरावर जागा घेतली की माफी गेली. खासगी अभिमत अन् खासगी विद्यापीठंही यात नाहीत.

म्हणून कोट्यातल्या नावाजलेल्या कॉलेजापेक्षा कॅपमधलं साधं कॉलेज सोयाबीनवाल्या घराला परवडतं. गेल्या वर्षीचा कटऑफ आपल्या प्रवर्गाचाच बघा. पसंतीक्रमात अवघड कॉलेजं वर, हमखास लागणारी दोन-चार खाली ठेवा.

वसतिगृह अन् मेस या माफीत नाही, तो खर्च आधीच धरा. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर लागत असेल तर तेही निकालाआधी काढून ठेवा. कागदांवाचून महाडीबीटीचा अर्ज अडतो, अन् हक्काची माफी हातची जाते.