घरगुती चार गोष्टी : सब्राचं टप



मागच्या खेपेस गुडघेदुखीवर लिहिलं होतं. ह्या वेळी मोटारीच्या टपाविषयी. हसू नका, त्यातही कंबर आणि फुफ्फुसं आहेतच.

आमच्या थोरल्या भाच्याकडे जुनी सब्रा स्पोर्ट आहे. मुलांनो, ही आपल्या इस्राएलची स्पोर्ट्स कार. हैफाच्या ऑटोकार्स कंपनीनं ती १९६१ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडली. आत फोर्डचं १७०३ सीसी इंजिन. पहिल्या शंभरेक गाड्या इंग्लंडात रिलायंट कंपनीनं बांधून दिल्या. एकंदर झाल्या चारशेच्या आतच. सब्रा म्हणजे फड्या निवडुंगाचं बोंड, बाहेरून काटे नि आतून गोड. इथं जन्मलेल्या मुलांनाही हेच नाव, म्हणजे तुम्हीसुद्धा सब्राच! गाडीचं अंग फायबरग्लासचं. ह्याच कंपनीच्या सुसिता गाड्या उंट खातात अशी थट्टा लोक करीत.

भाच्याच्या गाडीचं टप काढता-घालता येतं. पण ते एकट्याला उचलत नाही. दर वेळी दुसरं टोक धरायला त्याच्या वडिलांना हाक. वडील ऐंशीच्या पुढचे, मणक्याचं दुखणं जुनं. वाकून, हात लांब करून वजन धरलं की कंबरेवर त्याचा कितीतरी पट भार येतो. आम्ही स्पष्ट सांगितलं, "बाळा, टप राहू दे किंवा बाबांना राहू दे."

त्यानं मग गाडीच्या छपरीत कप्पीचा पाळणा केला. टपाखालून दोन रुंद पट्टे, वर लाकडी चौकट, आणि दोरी चार पदरी कप्प्यांतून फिरवलेली. मुलांनो, हे गणित बघा : चार पदरांनी वजन वाटून घेतलं की ताकद साधारण चौथा हिस्सा लागते. मात्र टप एक मीटर वर जायला दोरी चार मीटर ओढावी लागते. फुकट काही मिळत नाही! आकडे त्यानं पक्क्या तुळईत बसवले, पापुद्र्याच्या छताला नाहीत. टपाला एकही भोक पाडलं नाही. असं टप पुन्हा मिळायचं कुठून? उद्या पाळणा काढला तरी गाडी होती तशीच राहील.

टपाला आतून एक चीर होती. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढं धावत नाही. एवढं एकच भोक, तेही बुजवलं. मग भोवतालचा भाग घासून उतरता केला आणि काचेच्या कापडाचे थर राळेत भिजवून चढवले. वॉर्डात आम्ही प्लास्टर चढवायचो अगदी तसंच : पातळ थर, हवा दाबून काढायची, घाई नाही. उन्हात राळ भराभर घट्ट होते, म्हणून काम सकाळी लवकर.

आता नर्सबाईंचं ऐका. घासताना उडणारी काचेची धूळ अंगाला भयंकर खाजते. चोळू नका. थंड वाहत्या पाण्यानं धुवा, कपडे वेगळे धुवा. साध्या कागदी मास्कनं राळेचा वास अडत नाही, कोळशाच्या गाळणीचा मास्क हवा, आणि दारं-खिडक्या उघडी. राळ घट्ट करणारं औषध डोळ्यात गेलं तर नजर जाऊ शकते. चष्मा लावायचाच. तरीही उडालं तर निदान पंधरा मिनिटं पाण्याची धार सोडा नि तडक इस्पितळ गाठा. दम्याच्या माणसानं आणि मुलांनी त्या वेळी तिथं थांबू नये.

हल्ली बाबा खुर्चीवर बसून नुसत्या सूचना देतात. टप वर जातं, खाली येतं, कंबर शाबूत. मात्र टांगलेल्या टपाखाली कोणी उभं राहायचं नाही, नातवंडांनी तर मुळीच नाही.

पुढच्या अंकी : उन्हाळ्यात पाणी किती प्यावं.